आजीच्या स्वेटरची एक बाही

रंगांच्या बाबतीत माझा डोळा चुकत नाही! बढाई म्हणा हवं तर. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आहे मी. एका वर्गात चाळीस मुलं, चाळीस मुलांच्या चाळीस रंगपेट्या आणि प्रत्येक पेटीत काळ्यात बुडवलेला ब्रश तसाच पिवळ्यात खुपसून केलेला चिखल. तो चिखल बघून ‘हा मुळात लिंबू पिवळा होता’ असं सांगणारा माणूस आहे मी!

माझी पद्धत अगदी साधी. उजवा डोळा मिटायचा, डावा बारीक करायचा आणि बघायचं. दोन्ही डोळ्यांनी बघितलं की वस्तू दिसते, एका डोळ्यानं बघितलं की रंग दिसतो. हे मी हजारो मुलांना शिकवलं. एकदा टेबलावर किटली ठेवून मी वर्गाला हाच धडा देत होतो. चाळीस मुलं एक डोळा मिटून किटलीकडे टक लावून बसलेली. नेमके त्याच वेळी आमचे नवे मुख्याध्यापक किटलीच्या मागच्या दारातून आत आले. आल्याआल्या चाळीस मुलांनी आपल्याला डोळा मारला, असा त्यांचा समज झाला. तो पुढची अकरा वर्षं, म्हणजे ते निवृत्त होईपर्यंत, काही दूर झाला नाही.

आमच्या हिला मात्र माझ्या पद्धतीचं कधीच कौतुक नव्हतं. तिच्या स्वेटरची लोकर घ्यायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मी एकेक गुंडी उचलून दुकानाबाहेर उजेडात न्यायचो, डोळा मिटून बघायचो, परत आणून ठेवायचो. सहाव्या गुंडीला दुकानदार माझ्या मागोमाग बाहेर यायला लागला. त्याला वाटलं, मी पळ काढणार! ही दारात उभी राहून पोट धरून हसत होती. शेवटी मी एक फिकट जांभळी गुंडी निवडली, पहाटे डोंगरामागे असतो ना, तसल्या जांभळ्या रंगाची. तेव्हा ती म्हणाली, “दोन डोळे दिलेत ना तुम्हाला? मग एक कुणासाठी शिल्लक ठेवता?”

मी हसण्यावारी नेलं. तिची पुष्कळ बोलणी मी हसण्यावारी नेली. आता वाटतं, काही लिहून ठेवायला हवी होती.

तर गेल्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी ते खुशाल करू दिलं, कारण तो माझा मिटायचा डोळा. डाव्याचंही करायचं ठरलं होतं, पण तो पडला कामाचा डोळा! त्याला कुणी हात लावायचा म्हणजे गवयाच्या गळ्यात चमचा घालण्यासारखं. मग कधी सर्दीचं निमित्त सांगितलं, कधी पाठदुखीचं, आणि वर्ष ढकललं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

माझी नात नऊ वर्षांची. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. जेवताना, अभ्यास करताना, अगदी झोपेतसुद्धा ही मुलगी गोल फिरते. तिला एका जागी बसवणारी जगात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे डायमंड पेंटिंग. डायमंड म्हणजे काही खरे हिरे नव्हेत. तिळाएवढे प्लॅस्टिकचे चौकोनी चमकदार खडे असतात. एका चिकट कॅनव्हासवर बारीक चौकटी आखलेल्या असतात, प्रत्येक चौकटीत एक खूण. त्रिकोण असेल तर अमुक नंबरच्या पुडीतला खडा, फुली असेल तर तमुक. पेनाच्या टोकाला मेण लावायचं, खडा उचलायचा, चौकटीत दाबायचा. टक्! असं काही हजार वेळा केलं की चित्र तयार होतं.

मी आधी नाक मुरडलं होतं. “नंबर बघून कुणी चित्र काढतं का? नंबर हे ज्यांना रंग दिसत नाहीत त्यांच्यासाठी!” पण या वेळचं चित्र वेगळं होतं. फोटो पाठवला की त्याचा कॅनव्हास आणि त्याचेच खडे बनवून देतात, तसं ते होतं. फोटो आमच्या हिचा. मीच काढलेला. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत ती बसली आहे, अंगात तेच फिकट जांभळं स्वेटर, कपाळाजवळ पांढऱ्या केसांची एक बट, हातात सुया आणि मांडीवर उरलेल्या जांभळ्या लोकरीची गुंडी. काय विणायला घेतलं होतं, ते आता कुणालाच आठवत नाही.

भिंगरीनं आजीला पाहिलेलं नाही. ती जन्मली त्याच्या तीन वर्षं आधीच ही गेली.

चित्र होतं भिंगरीच्या आत्यासाठी, म्हणजे माझ्या मुलीसाठी. ती फार लांब राहते. सहा वर्षांनी घरी येणार होती. आणि आजीचं ते जांभळं स्वेटर तिच्याकडेच आहे. इथून जाताना तिनं दुसरं काहीच मागितलं नव्हतं. म्हणून चित्र गुपचूप चाललं होतं. घरात फक्त दोघांना माहीत, भिंगरीला आणि मला. दोन महिने ती रोज शाळेतून आली की माझ्या खोलीचं दार लावून बसायची. काम संपलं की कॅनव्हास माझ्या गादीखाली. मी दोन महिने आजीवर न हलता झोपत होतो.

आत्या यायला आठ दिवस उरले आणि भिंगरी ओरडली, “आजोबा, एक्केचाळीस नंबर संपला!”

“संपला म्हणजे?”

“संपला म्हणजे संपला. पुडी उलटी करून झटकली. एक खडा पडला, तो पण माझ्या बाहीत गेला.”

एक्केचाळीस नंबर म्हणजे स्वेटरचा जांभळा! पाठवणाऱ्यांनीच कमी पाठवला होता. आजीच्या उजव्या बाहीचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग कोराच. दुकानात फोन केला. सुटा नंबर मागवायला तीन आठवडे लागतील म्हणाले.

भिंगरी रडली नाही. ती मेणाची वडी नखानं कुरतडत बसली. मग म्हणाली, “आत्याला काय बिनहाताची आजी द्यायची?”

आता सांगा, कुठला आजोबा गप्प बसेल?

“आण तो डबा!” मी म्हणालो.

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. भिंगरीच्या आधीच्या चित्रांतले उरलेले खडे त्यात होते. एक पोपट, एक हत्ती आणि एक बदकाचं पिल्लू, अशी तीन चित्रं तिनं केली होती. प्रत्येकाच्या पुड्या वेगवेगळ्या बांधून ठेवलेल्या.

“पण आजोबा, यातला एकही नंबर जुळत नाही.”

“नंबर जुळवायचाच नाही. रंग जुळवायचा! तुझ्या वयाच्या चाळीस चाळीस मुलांना मी रंग जुळवायला शिकवलं आहे. तू उद्या शाळेत जा. संध्याकाळी येशील तेव्हा आजीला हात असेल.”

तिनं माझ्याकडे अशा विश्वासानं बघितलं, की मला सेवानिवृत्तीच्या समारंभातसुद्धा एवढं मोठं झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर मी खिडकीत बसलो. चौतीस वर्षांची सवय! उजवा डोळा मिटला, डावा बारीक केला. एका बोटावर भिंगरीच्या बाहीतून निघालेला तो एक्केचाळीस नंबरचा खडा, दुसऱ्या बोटावर पुड्यांतला एकेक खडा घेऊन बघत गेलो. आणि तिसऱ्याच पुडीत सापडला की! तंतोतंत. तोच मऊ, धुरकट रंग. जुळ्या भावंडांनाही वेगळं ओळखता येईल, पण या दोघांना नाही!

मग मी बैठक मारली. टक्, टक्, टक्! दुपार होईपर्यंत बाही भरली. किती दिवसांनी हातात काम होतं. मध्येच मला वाटलं, आता मागून कोणीतरी म्हणेल, “चहा गार झाला. आणि तो दुसरा डोळा उघडा जरा, चिकटेल!”

उठताना एक छोटासा अपघात झाला. माझ्या लोकरी स्वेटरचं कोपर कॅनव्हासवर टेकलेलं होतं. ते उचललं आणि आजीच्या कपाळावरची पांढरी बट माझ्या कोपराला चिकटून वर आली! बरेचसे खडे जमिनीवर सांडले. या वयात पलंगाखाली कोण शिरणार? मी डब्यातूनच हुबेहूब पांढरे खडे शोधले आणि बट परत बसवली. माझ्याइतक्या सफाईनं कुठल्याच न्हाव्यानं केस जोडले नसते!

तेवढ्यात सूनबाई लवकर घरी आल्या. मी कॅनव्हास गादीखाली सरकवला आणि चेहऱ्यावर झोप आणली.

“बाबा, तुमच्या कोपराला काय चमकतंय?”

“घाम.”

“कोपराला?”

“वय झालं, सूनबाई. कुठेही येतो.”

त्या दिवसापासून माझ्या ताटातलं मीठ कमी झालं.

संध्याकाळी भिंगरी आली. दप्तर फेकलं, दार लावलं, कॅनव्हास बाहेर काढला. आणि ती थांबली. ही मुलगी थांबली, इथेच खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं.

“आजोबा... बाही वेगळी दिसतेय.”

“वेगळी? छे! नीट बघ. एक डोळा मीट.”

तिनं मिटला. “अजून वेगळीच दिसतेय.”

“तो नाही, उजवा मीट. डावा बारीक कर. आणखी बारीक.”

“आता काहीच दिसत नाहीये.”

“एवढा बारीक नाही गं! घाई करू नकोस. डोळा तयार व्हायला वेळ लागतो. माझ्या वर्गात कितीतरी मुलांना सुरुवातीला फरक नसताना फरक दिसायचा.”

“आणि हे केस?”

“केसांचं काय?”

ती खूप वेळ केसांकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “काही नाही.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. शिकवताना मी कधीच चिडत नाही. मुलाला येत नसेल तर दहादा सांगायचं, हे माझं व्रत आहे. त्या संध्याकाळी मी तिला दहादा सांगितलं. आता आठवलं की मान खाली जाते.

पुढचे दोन दिवस भिंगरी घरभर एक डोळा मिटून फिरत होती. चादर बघ, पडदा बघ, मोजे बघ. माझ्या मुलाला विचारलं, “बाबा, तुमचा शर्ट कुठला?”

तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “सेलमधला.”

“रंग, बाबा, रंग!”

“निळा.”

“मला पण निळाच दिसतोय,” ती म्हणाली. आणि त्याचं तिला वाईटच वाटलं!

तिसऱ्या दिवशी शाळेतून चिठ्ठी आली. ‘आपली मुलगी वर्गात सतत एक डोळा मिटून बसते. फळ्याकडे आणि शिक्षिकांकडेही तसंच बघते. कृपया लक्ष द्यावे.’

मला आमचे मुख्याध्यापक आठवले.

सूनबाईंनी भिंगरीला जवळ घेतलं. “काय होतंय गं तुला?”

भिंगरी माझ्याकडे बघून, गुपित सांभाळत, म्हणाली, “आई, मला रंग दिसत नाहीत. जे सारखे असतात ते मला वेगळे दिसतात.”

झालं! माझ्या मुलानं मोबाइलवर शोधून पाच मिनिटांत सात रोग काढले. त्यातले चार फक्त घोड्यांना होतात, हे नंतर कळलं. सूनबाईंनी शुक्रवारची रजा टाकली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मी रात्रभर कूस बदलत राहिलो, म्हणजे आजीला सांभाळून जेवढी बदलता येते तेवढी. चित्रकलेच्या मास्तराच्या नातीला रंग कळू नयेत! मी ठरवलं, आपण हिला धीर द्यायचा. बरोबर जायचं. आणि पुरावा म्हणून मी खिशात एका कागदात दोन खडे गुंडाळून घेतले, एक एक्केचाळीस नंबरचा आणि एक मी जुळवलेला. डॉक्टरांना रोग नेमका कळायला नको?

डॉक्टर म्हणजे माझाच जुना विद्यार्थी. माझा उजवा डोळा यानंच केला होता. वर्गात त्यानं त्या किटलीचं तोंड आणि दांडी एकाच बाजूला काढली होती, तेव्हापासून त्याचं नाव किटली पडलं. आता त्याच्या दाराबाहेर दहा पेशंट अदबीनं बसलेले असतात. मी आत जाताच तोंडातून निघून गेलं, “काय रे किटली, बरा आहेस ना?”

त्याची नर्स खोकत खोकत बाहेर गेली.

“या सर,” तो हसून म्हणाला. “आज पण डाव्याला सर्दी झालीय का?”

“आज मी पेशंट नाही. माझी नात बघ. आणि नीट बघ, तुझ्या किटलीसारखं करू नकोस.”

त्यानं भिंगरीला उंच खुर्चीत बसवलं. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. अगदी खालची ओळ, जी मला भिंतीवरची धूळ वाटत होती, तीही तिनं वाचली. ठिपक्यांची चित्रं दाखवली, ठिपक्यांत लपलेले आकडे तिनं पटापट सांगितले. रंगीत सोंगट्या लावायला दिल्या, तिनं ओळीत लावल्या.

“डोळे उत्तम आहेत,” किटली म्हणाला.

“मग तिला रंग का दिसत नाहीत?” सूनबाई रडवेल्या झाल्या. तेवढ्यात त्यांच्या ऑफिसचा फोन आला आणि त्या बाहेर गेल्या. मी संधी साधली. खिशातून कागद काढला, टेबलावर उलगडला.

“हे बघ. बाळ, तू लाजू नकोस, डॉक्टरांपासून काही लपवायचं नसतं. हे दोन खडे एकाच रंगाचे आहेत. आणि ही म्हणते, वेगळे आहेत!”

किटलीनं खड्यांकडे बघितलं. मग भिंगरीकडे. मग माझ्याकडे.

“सर,” तो फार मऊ आवाजात म्हणाला. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला मी बोलवायचो ना, अगदी तसा आवाज. “हे वेगळेच आहेत.”

“काहीतरीच! मी स्वतः बघितलेत. डोळा मिटून.”

“कुठला डोळा?”

“कुठला म्हणजे? नेहमीचा. उजवा. तुलाही शिकवलं होतं मी!”

“म्हणजे मी ऑपरेशन केलं तो?”

भिंगरी खुर्चीतसुद्धा फिरत नव्हती.

“सर, तुमच्या डाव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू आहे. जुन्या पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं त्यातून. पांढरा, पिवळा सगळं एकच. तुमच्याजवळ एक स्वच्छ डोळा आहे, आणि रंग बघायची वेळ आली की तुम्ही नेमका तोच मिटता!” त्यानं आपला तळवा माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला. “आता बघा.”

मी बघितलं.

एक खडा राखाडी होता. निव्वळ हत्ती!

आणि दुसरा... काय सांगू तुम्हाला? दुसरा त्या दिवशीच्या लोकरीचा होता. दुकानाबाहेरचा उजेड, माझ्या मागे उभा असलेला तो संशयी दुकानदार, दारात पोट धरून हसणारी ही. तो रंग मी इतकी वर्षं धुरकटच आठवत होतो. मला वाटायचं, आठवण जुनी झाली. आठवण ठणठणीत होती, काच जुनी झाली होती.

दोन डोळे दिलेत ना तुम्हाला? मग एक कुणासाठी शिल्लक ठेवता?

“डोळ्यात पाणी येतंय,” मी म्हणालो. “तुझ्या औषधाचा वास उग्र आहे.”

“मी औषध घातलेलं नाही, सर.” मग तो मिश्कीलपणे म्हणाला, “किटलीच्या चित्राला तुम्ही मला दहापैकी दोन दिले होते. आता फेरतपासणी करायची का?”

“तेव्हा माझे दोन्ही डोळे चांगले होते. दोनच!”

सूनबाई आत आल्या. “डॉक्टर, काय निघालं?”

“मुलगी ठीक आहे,” किटली म्हणाला. “मास्तर बदला.”

परत येताना भिंगरी माझं बोट धरून चालत होती. मला वाटलं, आता ही मला बोलणार. बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिनं एवढंच विचारलं, “म्हणजे मला दिसत होतं ते बरोबर होतं?”

“अगदी बरोबर होतं.”

“मग मी मोठी झाल्यावर चित्रं काढू शकते? मी ठरवलं होतं, आता नाही काढायची. कुणाला सांगितलं नव्हतं.”

तीन दिवस हे ओझं त्या पोरीच्या डोक्यावर होतं आणि ते मी ठेवलेलं होतं! तेही न चिडता, दहादा समजावून.

“भिंगरे,” मी म्हणालो, “तुला वेगळं दिसलं तर ‘वेगळं आहे’ असंच म्हणायचं. समोर आजोबा असले तरी.”

“आजोबा असले तरी?”

“आजोबा असले तर मोठ्यानं म्हणायचं.”

शनिवारी सकाळी मी डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला, समुद्री चाच्यासारखा, आणि आम्ही कॅनव्हास बाहेर काढला. मी पहिल्यांदाच माझी कारागिरी उजव्या डोळ्यानं बघितली. अरे देवा! आजीच्या कोपरातून हत्तीची सोंड निघाली होती. आणि कपाळावर बदकाचं पिल्लू पंख पसरून बसलं होतं! पिवळंधमक!

“हे तू तीन दिवस बघितलंस? आणि हसली नाहीस?”

“मला वाटलं, फक्त मलाच दिसतंय.” आता मात्र ती हसली. हसता हसता खुर्चीसकट फिरली.

चिमट्यानं एकेक खडा उपटायला दुपार झाली. पांढऱ्याची पुडी भिंगरीच्या दप्तरात शिल्लक होती, बट दहा मिनिटांत पांढरी झाली. पण बाही? बाही परत कोरी. एक्केचाळीस नंबर काही आभाळातून पडणार नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या दारात! तिच्या बॅगेत ते स्वेटर असणार. कुठलाही दुसरा जांभळा लावला तरी ती एका नजरेत ओळखेल.

मी रुमालाखाली हताश झालो. “आता काय करायचं गं?”

मी, चौतीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस, नऊ वर्षांच्या मुलीला विचारत होतो! ती चित्राभोवती गोल फिरली. एकदा, दोनदा, तीनदा. आणि थांबली.

“आजोबा, आजीच्या मांडीवरची गुंडी.”

“तिचं काय?”

“ती पण एक्केचाळीस नंबर आहे. तिचे खडे काढून बाहीला लावायचे.”

“आणि गुंडी?”

“गुंडी कुठल्याही रंगाची चालेल ना? आजीचं स्वेटर तर विणून झालंय. अंगात आहे तिच्या. आता ती दुसरं विणतेय.”

रंग जुळवायला मी हजारो मुलांना शिकवलं. रंग कुठे जुळवायचा नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

“कुठल्या रंगाचं विणतेय?” मी विचारलं.

तिनं डब्यातून पोपटाची पुडी काढली. झगझगीत हिरवा, तिचा सर्वांत लाडका रंग.

“हे माझं,” ती म्हणाली. “आजी माझ्यासाठी विणतेय.”

मी उजवा डोळासुद्धा थोडा वेळ मिटून घेतला.

गुंडीचे जांभळे खडे बाहीला पुरले. अकरा उरलेसुद्धा. मी ते कागदात बांधून खिशात ठेवले. शेवटचा हिरवा खडा भिंगरीनं मला बसवायला दिला. कुठे बसवायचा ते बोटानं दाखवलंही, सावध मुलगी!

रविवारी आत्या आली. मिठ्या झाल्या, कुणी वाळलं, कुणी सुटलं, यावर बोलून झालं, आणि भिंगरीनं चित्र तिच्यासमोर धरलं. माझी मुलगी चित्रावर वाकली. मग तिनं बोटानं त्या हिरव्या गुंडीला हात लावला.

“आईकडे अशी लोकर कधी होती?”

“आत्या, ते माझं स्वेटर आहे,” भिंगरी म्हणाली. “अजून व्हायचंय.”

आत्यानं तिला ओढून इतकं घट्ट धरलं, की ही मुलगी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण पाच मिनिटं स्थिर राहिली. सूनबाई पदरानं डोळे पुसत मला म्हणाल्या, “म्हणजे तो घाम नव्हता, बाबा!” आणि आत जाऊन त्यांनी मिठाचा डबा टेबलावर आणून ठेवला.

मग आत्यानं बॅग उघडली. तळातून ते स्वेटर काढलं आणि चित्राच्या बाहीला त्याची बाही लावून धरली. “बाबा, बघा ना! तोच रंग आहे की नाही? तुम्हीच सांगा, तुमच्याइतकं कुणाला कळतं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. किती वर्षांनी कुणी असं विचारलं होतं! मी घसा खाकरला, खुर्चीत ताठ बसलो, मान जरा तिरपी केली, ऐटीत एक डोळा मिटला आणि दुसरा बारीक केला.

“आजोबा,” भिंगरी आत्याच्या कुशीतूनच म्हणाली, अजिबात न चिडता, अगदी दहाव्यांदा सांगावं तसं. “तो नाही. दुसरा.”